पूर्ण फेऱ्यांचा हिशेब

१००० रेडियनच्या कोनाची साइन किती? रीत शालेय आहे. पूर्ण वर्तुळ म्हणजे २π रेडियन. १००० मधून जितक्या पूर्ण फेऱ्या निघतील तितक्या काढून टाकायच्या आणि उरलेल्या लहान कोनाची साइन घ्यायची. π = ३.१४ धरला तर १५९ फेऱ्या वजा जाऊन १.४८ उरतात आणि साइन येते ०.९९५९. खरे उत्तर आहे ०.८२६९.

रीत चुकलेली नाही, वजाबाकी चुकलेली नाही, साइनचे कोष्टकही चुकलेले नाही. चुकला आहे तो केवळ π, आणि तोही तिसऱ्या दशांश स्थळी. एका फेरीमागे सुमारे ०.००३२ इतकी ती चूक, परंतु १५९ फेऱ्यांत ती साचत जाऊन अर्ध्या रेडियनपलीकडे गेली. आर्यभटाचा ३.१४१६ घेतला तर उत्तर ०.८२५६ येते: पुष्कळ जवळ, तरीही तिसऱ्या दशांश स्थळी बिघडलेले.

त्रिकोणमितीचा इतिहास बहुधा ज्यांच्या कोष्टकांचा आणि अनंत श्रेणींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आर्यभटाच्या चोवीस ज्या, माधवाची श्रेणी, मग न्यूटन, मग लॉगॅरिथमची जाडजूड पुस्तके, शेवटी संगणक. या मांडणीत एक पायरी कायम गळते. कोष्टकात शिरण्यापूर्वी, श्रेणीचे पहिले पद लिहिण्यापूर्वी, हाताशी आलेला प्रचंड कोन लहान करावा लागतो. पूर्ण फेऱ्या टाकून द्याव्या लागतात. ही पायरी किरकोळ समजली जाते. वस्तुतः मोठ्या कोनांच्या गणितात खरी अवघड जागा तीच आहे, आणि तिचा इतिहास साइनच्या इतिहासाइतकाच सांगण्याजोगा आहे. त्याचे एक महत्त्वाचे पान कोकणातल्या नांदगावी, शके १४४२ मध्ये लिहिले गेले.

तेथे पोचण्याआधी रेडियनची किंमत समजून घेतली पाहिजे. त्रिज्येच्या लांबीइतका कंस वर्तुळकेंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन. कल्पना अठराव्या शतकाच्या आरंभी रॉजर कोट्सच्या लेखनात दिसते. 'रेडियन' हा शब्द मात्र बराच नंतरचा. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसनने काढलेल्या १८७३ च्या परीक्षापत्रिकेत तो छापील स्वरूपात आढळतो. कलनशास्त्राला हे माप फार सोयीचे, कारण लहान कोनाची साइन जवळजवळ त्या कोनाइतकीच येते आणि सूत्रांत कोणताही उपरा गुणक शिरत नाही. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. वर्तुळ अपरिमेय होते. ३६० हा पूर्णांक आहे, २π नाही.

अंशांत हा प्रश्न उद्भवतच नाही. १००० अंशांतून ७२० वजा केले की २८० उरतात. १ वर २२ शून्ये इतक्या अंशांतूनही पूर्ण फेऱ्या वजा केल्या की नेमके २८० अंशच उरतात. कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते. हीच संख्या रेडियनमध्ये घेतली की मात्र π चे किती अंक हाताशी आहेत यावर सारे अवलंबून राहते.

आर्यभटाने हा पेच कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. त्याने परिघाच्या २१,६०० कला केल्या आणि त्याच कलांनी त्रिज्याही मोजली: ३,४३८. कंस आणि ज्या एकाच मापात आल्या. त्याच्या कोष्टकात २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५ च आहे. लहान कोनाची ज्या त्या कोनाइतकी, हा रेडियनचा गाभा येथे आहेच. फरक एकच, पण मोलाचा आहे. परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर अपरिमेय असल्याने दोन्ही राशी एकाच वेळी पूर्णांकांत बसत नाहीत. कोणत्या तरी एकीला माघार घ्यावी लागते. रेडियनने त्रिज्या १ ठेवली आणि अपरिमेयता परिघाच्या वाट्याला टाकली. भारतीय ज्योतिषाने परिघ २१,६०० ठेवला आणि ती त्रिज्येच्या पोटात लपवली. आर्यभटाचेच ६२,८३२ : २०,००० हे गुणोत्तर घेतले तर त्रिज्या ३,४३७.७४ येते, त्याने ती ३,४३८ केली. माधवाने पुढे ती ३,४३७ कला ४४ विकला ४८ प्रतिविकलांपर्यंत नेली.

हा निव्वळ मापाचा फरक नव्हे. त्रिज्येतली चूक प्रत्येक ज्येला एकदाच, ठरलेल्या प्रमाणात बाधते; ग्रहाच्या किती फेऱ्या झाल्या याच्याशी तिचा संबंध नसतो. परिघातली चूक मात्र प्रत्येक फेरीगणिक नव्याने जमा होते. लाखो दिवसांच्या कालावधीवर ग्रहस्थिती काढणाऱ्या परंपरेने परिघ पूर्णांक ठेवावा, यात मोठी व्यवहारबुद्धी आहे. ही निवड π चा हा धोका ओळखून जाणीवपूर्वक केली गेली असे म्हणायला आधार नाही. ३६० अंशांचा वारसा त्याहून जुना आहे. पण लाभ झाला तो झालाच.

लाखो दिवस ही अतिशयोक्ती नव्हे. सिद्धान्तग्रंथांच्या रीतीने ग्रह साधायचा तर कलियुगारंभापासून, म्हणजे इ.स.पू. ३१०२ पासून, लोटलेले दिवस मोजावे लागत. यालाच अहर्गण म्हणतात. आर्यभटाच्या मानाने एका महायुगात १,५७,७९,१७,५०० दिवस आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या. अहर्गणाला फेऱ्यांनी गुणायचे, युगदिवसांनी भागायचे, भागाकारातल्या पूर्ण फेऱ्या टाकायच्या आणि बाकी राशी-अंश-कलांत मांडायची. मग तो कोन कोणत्या पदात, म्हणजे वर्तुळाच्या कोणत्या चतुर्थांशात, आहे ते पाहायचे. विषम पदात ओलांडलेला भाग आणि सम पदात उरलेला भाग घेऊन ज्येच्या कोष्टकाकडे वळायचे.

आता हेच गणित १५२० साली करायला बसलेल्या पंचांगकर्त्याची कल्पना करावी. अहर्गण सुमारे १६ लाख ८८ हजार. त्याला ५ कोटी ७७ लाखांवर जाणाऱ्या संख्येने गुणले की चौदा आकडी गुणाकार. भागाकारातून चंद्राच्या ६१ हजारांहून अधिक पूर्ण फेऱ्या निघणार, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या फेकून द्यायच्या. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या उत्तराचा मोठा भाग टाकण्यासाठीच मिळवलेला असतो. एका आकड्याची चूक झाली की उरलेली बाकी निरर्थक.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' याच प्रश्नाला हात घालतो. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते, त्यामुळे आकाशातला ग्रह आणि कागदावरचा ग्रह यांतली तफावत या घराण्याला परिचयाची असणारच. गणेश दैवज्ञांनी आरंभवर्ष घेतले शके १४४२. इष्ट शकातून १४४२ वजा करायचे आणि ११ ने भागायचे. भागाकार म्हणजे झालेली 'चक्रे'. एका चक्राचे दिवस ४,०१६. अहर्गण मोजायचा तो फक्त चालू चक्रातला, त्यामुळे तो चार हजारांच्या आसपासच राहतो. कितीही शतके लोटली तरी लाखांत जात नाही.

४,०१६ ही संख्या हवेतून आलेली नाही. ११ वर्षांचे १३२ महिने आणि ४ अधिकमास मिळून १३६ चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस ४,०१६. या अवधीत सूर्य ११ फेऱ्या पूर्ण करायला अवघे १ अंश ४९ कला ११ विकला कमी पडतो. चंद्र १४७ फेऱ्या पूर्ण करायला ३ अंश ४६ कला ११ विकला कमी पडतो. हे कमी पडणारे तुकडे म्हणजे 'ध्रुवक'. आरंभीची ग्रहस्थिती, म्हणजे क्षेपक, घ्यायची. तीतून चक्रसंख्या गुणिले ध्रुवक वजा करायचे. उरलेल्या दिवसांची गती मिळवायची. झाला मध्यम ग्रह. सूर्याच्या ११ आणि चंद्राच्या १४७ फेऱ्या गणितात कोठे येतच नाहीत. टाकण्यासाठी मिळवण्याऐवजी त्या मुळात मिळवायच्याच नाहीत, ही या ग्रंथाची करामत.

'ग्रहलाघवा'विषयी बोलताना सहसा दुसरीच गोष्ट पुढे केली जाते: गणेश दैवज्ञांनी ज्या-चाप टाळून सारे गणित साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारांवर आणले. कौतुकही याचेच होते आणि आक्षेपही यावरच घेतला जातो, की सोप्या युक्त्यांमुळे सिद्धान्ताचा अभ्यास मागे पडला. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. पण ज्येला पर्यायी सूत्र देण्याची वाट सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने आधीच घालून दिली होती. त्याच्या अपूर्णांकी सूत्रातली सर्वांत मोठी चूक त्रिज्येच्या हजारात दोन भागांहूनही कमी आहे. ग्रंथाची खरी शक्ती चक्र आणि ध्रुवकात शोधली पाहिजे. ज्या टाळणे ही सवलत होती. मोठा कोन टाळणे ही विद्या होती.

तिची मर्यादाही त्याच आकड्यांतून दिसते. शके १९४८ मध्ये, म्हणजे इ.स. २०२६ च्या चैत्रात, १४४२ पासून ५०६ वर्षे होतात. ११ ने भागले की बरोबर ४६ चक्रे, बाकी शून्य. ध्रुवक विकलांपर्यंतच दिलेला असल्याने त्यात फार तर अर्ध्या विकलेची चूक. ४६ चक्रांत ती २३ विकला होईल. नुसत्या डोळ्यांना हे अंतर जाणवणार नाही. पण सूर्य सौरपक्षातून घेतलेला आहे, आणि त्या पक्षाचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ५०६ वर्षांत त्याचे सुमारे २९ तास होतात आणि सूर्य एक अंशाहून अधिक सरकतो. आकडे कितीही काटेकोर कापले तरी फेरीचे मानच चुकलेले असेल तर चूक साचतच राहते. जुन्या ज्योतिषांनी वेळोवेळी केलेले 'बीजसंस्कार' या साचलेल्या चुकीचेच परिमार्जन होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय साधनांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली, तेव्हाही मुळाशी हाच प्रश्न होता.

येथून चार शतके ओलांडून संगणकाकडे यावे लागते, कारण अपरिमेय परिघाचा पेच पुन्हा उघड्यावर आला तो तेथे. संगणक त्रिकोणमिती रेडियनमध्ये करतो आणि सामान्य दशांश संख्या ५३ बिटांत, म्हणजे सुमारे १६ अंकांत साठवतो. लहान कोनांना अडचण नाही. पण कोन १००० चा १० लाख झाला, १० लाखाचा लाख कोटी झाला, की सोळा अंकी π अपुरा पडतो. माधवाचा π घेऊन हे अजमावता येते. २८,२७,४३,३३,८८,२३३ भागिले ९ वर ११ शून्ये हे त्याचे मान अकराव्या दशांश स्थळापर्यंत नेमके आहे, आणि चौदाव्या शतकासाठी ते थक्क करणारे आहे. १००० रेडियनला ते साइनची आठ दशांश स्थळे बिनचूक देते. १ वर १२ शून्ये इतक्या रेडियनला मात्र त्याच मानाने उरलेला कोन सुमारे ४४ अंशांनी चुकतो.

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे एक विधान असे, की π चे ३९ अंक विश्वाचा परिघ अणूच्या जाडीइतक्या अचूकतेने काढायला पुरतात, म्हणून त्यापुढचे अंक ही हौस. नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा अवकाशयानांसाठी १५ दशांश स्थळांवर भागवते, हेही सोबत सांगितले जाते. लांबी मोजण्यापुरते हे खरे आहे. पण कोन लहान करताना π ला एकदाच नव्हे, तर लक्षावधी वेळा वापरलेले असते. तेथे 'इतके अंक पुरेत' असे सरसकट म्हणता येत नाही. किती पुरेत ते कोनाच्या आकारावर ठरते.

१९८० मध्ये कोडी आणि वेट यांच्या पुस्तकाने π चे तुकडे करून एकापाठोपाठ एक वजा करण्याची रीत रूढ केली. मध्यम आकाराच्या कोनांना ती उत्तम. प्रचंड कोनांचा निकाल १९८३ च्या सुमारास मेरी पेन आणि रॉबर्ट हॅनेक यांनी लावला. कोनाला २/π ने गुणले की किती चतुर्थांश फेऱ्या झाल्या ते कळते. पण हव्या असतात त्या फक्त शेवटच्या काही चतुर्थांशांचा हिशेब आणि अपूर्णांक. म्हणून २/π चे जे अंक केवळ पूर्ण फेऱ्याच जन्माला घालणार, त्यांच्याशी गुणाकार करायचाच नाही. अंकांच्या लांब पट्टीवर योग्य जागी खिडकी उघडायची आणि तेवढेच अंक वापरायचे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या गणिती ग्रंथालयात या पट्टीची लांबी २/π चे ४७६ दशमान अंक आहे, आणि ती १ वर ३०८ शून्यांच्या घरातल्या कोनांनाही पुरते. आजच्या अनेक संगणकभाषांत साइन काढताना याच रीतीचे वंशज काम करतात. १ वर २२ शून्ये इतक्या रेडियनची साइन त्यामुळे −०.८५२२००८४९७६७१८८८ अशी शेवटच्या अंकापर्यंत बरोबर मिळते. इंटेलच्या जुन्या प्रक्रियकांतील साइनची आज्ञा मात्र ६६ बिटांच्या π वर चाले. Π च्या अगदी जवळच्या कोनांना तिचे बरेचसे अंक चुकत, आणि पुस्तिकेतला अचूकतेचा दावा २०१४ मध्ये दुरुस्त करावा लागला. दोष साइनच्या सूत्रात नव्हता. तो फेऱ्या टाकण्यात होता.

गणेश दैवज्ञांची चक्रे आणि पेन-हॅनेक यांची खिडकी यांत साम्य आहे, आणि म्हणूनच सावध राहणे भाग आहे. 'संगणकाची रीत आमच्याकडे पाचशे वर्षांपूर्वीच होती' असे शीर्षक देऊन या माहितीचे चित्र फिरवणे सोपे आहे. ते खोटे ठरेल. नांदगावच्या गणितात फेरीचे मान परिमेय आहे, अपरिमेय नाही. चुकीची हमी दिलेली सीमा तेथे नाही. एकाकडून दुसऱ्याकडे विद्या गेल्याचा धागा तर मुळीच नाही. उलट टोकाचे म्हणणे, की पंचांगगणित म्हणजे पोथीतली घोकंपट्टी आणि तिचा गणिताच्या इतिहासाशी संबंध नाही, तितकेच उथळ आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात करणग्रंथांची दखल सिद्धान्तांच्याच गांभीर्याने घेतली होती. तो ग्रंथ मराठीत असूनही आजच्या मराठी वादांत त्याचा उल्लेख दुर्मीळ असावा, हे खेदजनक आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येणार नाही. १ वर २२ शून्ये या संख्येच्या आसपास संगणकाला ठाऊक असलेल्या दोन लगतच्या संख्यांत २०,९७,१५२ इतके अंतर असते, म्हणजे तीन लाखांहून अधिक पूर्ण फेऱ्या. असा कोन एखाद्या मोजमापातून आला असेल तर तो नेमका कोठे थांबला हे कोणालाच सांगता येणार नाही. मग साइनच्या सोळाव्या अंकाचा आग्रह कशाला? व्यवहारी माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. त्यावरचे उत्तर असे, की मोजमापातली अनिश्चितता ही विचारणाऱ्याची जबाबदारी. दिलेल्या संख्येची साइन बरोबर सांगणे ही गणित करणाऱ्याची. दोन्ही चुका एकत्र मिसळल्या की कोणती कोणाची हे शोधता येत नाही. 'ग्रहलाघवा'तल्या २३ विकला आणि २९ तास वेगळे काढता येतात ते याचमुळे: पहिली चूक हिशेबाची, दुसरी वर्षमानाची, आणि हिशेब स्वच्छ असल्यामुळेच दुसरीवर नेमके बोट ठेवता येते.

ज्यांना हे हाताने करून पाहायचे असेल त्यांनी ३५५ रेडियनचा कोन घ्यावा. ३५५/११३ हे पाचव्या शतकातल्या चीनच्या झू चोंगझीचे π चे प्रसिद्ध मान. म्हणजे ३५५ रेडियन हा π च्या ११३ पटीला जवळजवळ चिकटलेला कोन आहे. आर्यभटाच्या ३.१४१६ ने ११३ अर्ध्या फेऱ्या वजा केल्या तर साइन येते +०.०००८. खरे उत्तर आहे −०.००००३०१४. आकार सुमारे सव्वीस पटींनी चुकला, आणि चिन्हही उलटले.